‘हे सर्वश्रुत आहे’ असं लिहिण्याआधी कॅलेंडर वाचा

पर्यावरणाशी दुरून जरी नातं असलेला कुठलाही पीएचडीचा सिनॉप्सिस उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर हे वाक्य सापडतंच: ‘जीवाश्म इंधनांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढून जागतिक तापमानवाढ होत आहे, हे सर्वश्रुत आहे.’ पुढे कंसात दोन-चार आडनावं आणि वर्षं. ती नावं बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी सिनॉप्सिसमधून उचललेली असतात.

वाक्य खरं आहे. माझी तक्रार ‘सर्वश्रुत’ या शब्दाबद्दल आहे. सर्वश्रुत म्हणजे सगळ्यांनी ऐकलेलं. आणि ऐकीव गोष्टीवर व्हायवात कुणी नुसतं ‘कशावरून?’ म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. हवेत वाढलेला वायू कोळशाचाच कशावरून, ज्वालामुखीचा का नाही? तो हवेतच राहिला कशावरून, समुद्राने का पिऊन टाकला नाही? आणि तापमान वाढलं ते त्याच्यामुळेच कशावरून? हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. शास्त्रज्ञांनी ते एकमेकांना कित्येक दशकं विचारले, भांडले, आणि उत्तरं एकेक करून, वेगवेगळ्या लोकांकडून मिळत गेली.

ही साखळी कशी जोडली जाते (आणि कुठे सैल राहते) हे बघायचं असेल तर एक जुना शोधनिबंध घेऊन बसा. गाय स्टुअर्ट कॅलेंडर यांचा, १९३८ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ द रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटी’त छापलेला. शीर्षकाचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘कार्बन डायऑक्साइडची कृत्रिम निर्मिती आणि तिचा तापमानावर होणारा परिणाम’. चर्चेसकट अठरा पानं. गणित बीएस्सीच्या मुलाला झेपेल एवढंच.

कॅलेंडर हवामानशास्त्रज्ञ नव्हते. वाफेवर काम करणारे इंजिनिअर. वडील भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे मोजमापाची शिस्त घरातच मिळालेली. हवामानाच्या नोंदी गोळा करणं हा त्यांचा नोकरीबाहेरचा नाद. फेब्रुवारी १९३८मध्ये लंडनच्या सोसायटीत त्यांनी हा निबंध वाचला, तेव्हा समोर बसलेले बरेचसे लोक पोटापाण्यासाठी हवामानशास्त्र करणारे होते. हा निबंध थोर म्हणून डोक्यावर घ्यायचा नाही आणि जुना म्हणून त्याला सूटही द्यायची नाही. आज तुमच्या गाईडच्या टेबलावर आला असता तर लाल पेन कुठे कुठे फिरलं असतं, तेवढं बघू.

आधी ‘जीवाश्म’ या शब्दाशी थोडं थांबू

‘लाखो वर्षांपूर्वी जमिनीत गाडल्या गेलेल्या वनस्पती व प्राण्यांच्या अवशेषांपासून बनलेले इंधन.’ ही व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केली. ती चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हमखास डायनोसॉर उभा करते. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा, म्हणजे चंद्रपूर-वणीकडचा, पर्मियन काळातल्या गोंडवन भूखंडावर वाढलेल्या झाडाझुडपांचा आहे. पंचवीस कोटी वर्षांहून जुना. डायनोसॉर तेव्हा जन्मालाही आले नव्हते. खनिज तेल तर मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचं: शेवाळं, प्लवक. ते गाळात गाडले गेले, प्राणवायूशिवाय कुजले, वरच्या थरांच्या दाबाने आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने शिजले. त्याच प्रक्रियेत, आणि कोळशाच्या थरांतूनही, नैसर्गिक वायू निघाला.

पण पाठ्यपुस्तकाची व्याख्या एवढ्यावर थांबते आणि लगेच ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली प्रदूषण, आम्लवर्षा, तापमानवाढ अशी यादी सुरू होते. ‘जीवाश्म असल्यामुळे काय बिघडतं?’ हा प्रश्न यादीत हरवून जातो.

एक गोवरी जाळा आणि एक कोळशाचा तुकडा जाळा. दोन्हींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड रासायनिकदृष्ट्या अगदी एकच. फरक तारखेचा आहे. गोवरीतला कार्बन गेल्या एक-दोन वर्षांपूर्वी हवेतच होता. गवताने तो घेतला, म्हशीने खाल्ला, तुम्ही जाळला, तो परत गेला. (धुराने डोळे आणि फुप्फुसं जातात ती वेगळी आणि मोठीच गोष्ट आहे, पण ती आजची नव्हे.) कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं या देवाणघेवाणीच्या बाहेर होता. तो जाळणं म्हणजे चालू खात्यात बाहेरून नवी रक्कम भरणं. ही ‘तारीख’ लक्षात ठेवा. पुढे तीच साक्षीदार म्हणून उभी राहते, आणि कॅलेंडरच्या हातात नेमकी तीच नव्हती.

निबंधात काय आहे

सांगाडा सारांशातच दिलाय. मागच्या पन्नास वर्षांत माणसाने इंधन जाळून हवेत सुमारे १,५०,००० दशलक्ष टन, म्हणजे १५० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यातला साधारण तीन चतुर्थांश हवेतच राहिला. या वाढीमुळे तापमान वर्षाला ०.००३ अंश सेल्सियस या दराने वाढायला हवं. आणि जगभरच्या सुमारे दोनशे हवामान केंद्रांच्या नोंदी बघितल्या तर ते प्रत्यक्षात वर्षाला ०.००५ अंशाने वाढलेलं दिसतं.

किती जाळलं, किती उरलं, त्याने किती तापायला हवं, किती तापलं. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो. पहिलीला कोळसा-तेलाच्या उत्पादनाचे आकडे, दुसरीला रसायनशास्त्र, तिसरीला भौतिकशास्त्र, चौथीला थर्मामीटर आणि कारकुनी चिकाटी. माझ्या मते या निबंधाचं खरं मोल इथे आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरतो हे युनिस फूट यांनी १८५६मध्ये दाखवलं होतं, जॉन टिंडल यांनी १८५९पासून नीट मोजलं होतं, स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६मध्ये त्यावरून तापमानाचं गणितही मांडलं होतं. पण हवेतली प्रत्यक्ष वाढ आणि थर्मामीटरवरची प्रत्यक्ष वाढ एका निबंधात समोरासमोर आणून ठेवणारे कॅलेंडर पहिले.

चौथी पायरी सगळ्यात भक्कम निघाली. संगणक नाही, हाताने केलेल्या बेरजा, नोकरी सांभाळून. शहरं वाढली म्हणून तिथली केंद्रं तापली असतील, ही शंका आजही लोक मोठा शोध लावल्यासारखी विचारतात. कॅलेंडर यांनी ती स्वतःच उपस्थित करून तपासली आहे. २०१३मध्ये एड हॉकिन्स आणि फिल जोन्स यांनी त्यांची मालिका आजच्या माहितीशी ताडून पाहिली, तर ती जमिनीवरच्या तापमानाशी चांगलीच जुळली. डेटा गोळा करण्याच्या कामाला ‘नुसतं’ म्हणणाऱ्यांना हे दाखवत जा.

लाल पेन

आता दुसरी पायरी. ‘तीन चतुर्थांश हवेत राहिला.’ इथे मी पेन उचललं असतं.

एक छोटा भागाकार करू. हा हिशेब माझा आहे, निबंधातला नाही. हवेतलं प्रमाण १ पीपीएमने, म्हणजे दहा लाख भागांत एका भागाने वाढवायला साधारण ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. १५० अब्ज टनांचे तीन चतुर्थांश म्हणजे ११२.५ अब्ज टन. भागिले ७.८. उत्तर आलं चौदा-साडेचौदा पीपीएम. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून नंतर जी वाढ काढली गेली, तीही साधारण याच पट्ट्यात येते. मग बरोबर आलं की!

उत्तर बरोबर आलं, रीत नाही. आजच्या हिशेबाने माणसाने सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ४५ टक्केच हवेत उरतो. बाकीचा समुद्र आणि जमिनीवरच्या वनस्पती-माती घेतात. ‘तीन चतुर्थांश’ हा वाटा फारच जास्त. मग वाढ जुळली कशी? कारण कॅलेंडर यांच्या जमेच्या बाजूला एक मोठी रक्कम लिहायचीच राहिली होती: जंगलतोड आणि नव्याने नांगराखाली आलेली जमीन. त्या काळापर्यंत झाडं तोडून, जमिनी उलथून हवेत जाणारा कार्बन इंधनातल्या कार्बनपेक्षा कमी नव्हता. इंधनाने त्याला ठामपणे मागे टाकलं ते विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. म्हणजे जमा कमी धरली आणि उरणारा वाटा जास्त धरला. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेला पडल्या आणि शिल्लक जुळली. आपल्या कामात ग्राफ पहिल्याच फटक्यात अपेक्षित रेषेवर बसला की आपण चहा प्यायला जातो. तेव्हा हा भागाकार आठवावा.

दुसरा मुद्दा मोजमापांच्या निवडीचा. एकोणिसाव्या शतकात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजमापं अनेकांनी केली होती, आणि ती एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. कुणी शहरात मोजलेलं, कुणी रात्री, कुणी दोन-चार नमुन्यांवरून सरासरी काढलेली. कॅलेंडर यांनी त्यातली काही विश्वासार्ह मानली, बाकी बाजूला ठेवली, आणि जुनी पातळी साधारण २९० पीपीएम धरली. निवडीचे निकष त्यांनी नंतर, १९५८च्या एका निबंधात, स्पष्ट लिहून ठेवले. शहरातली हवा नको, थोडक्या नमुन्यांची सरासरी नको, दुसऱ्याच हेतूने केलेली मोजमापं नकोत. हे तिन्ही पटण्यासारखे आहेत. चौथा मात्र असा: त्या काळाच्या आणि प्रदेशाच्या सर्वसाधारण सरासरीपेक्षा दहा टक्के किंवा जास्त फरक असलेली मोजमापं नकोत.

हा चौथा निकष वाचताना थांबा. सर्वसाधारण सरासरी कुठून आली? उरलेल्या मोजमापांतून. मोजमापं का उरली? सरासरीजवळ होती म्हणून. साप स्वतःचीच शेपटी गिळतोय. १९५५मध्ये जाइल्स स्लोकम यांनी याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं: मोजमापं वेगळी निवडली तर वाढ दिसेलच असं नाही. आक्षेप योग्य होता. बर्फातल्या हवेने पुढे दाखवलं की १९००च्या सुमाराची पातळी २९५ पीपीएमच्या आसपास होती, म्हणजे कॅलेंडर यांचा अंदाज चांगला होता. पण तो चांगला होता हे कळायला दुसरंच, स्वतंत्र मोजमाप लागलं. त्यांच्या निकषांतून ते सिद्ध होत नव्हतं. आजही काही लोक ती टाकून दिलेली जुनी, चढउताराची मोजमापं बाहेर काढून ‘शास्त्रज्ञांनी माहिती लपवली’ असे फॉरवर्ड पाठवतात. त्यांना गप्प करायला ‘कॅलेंडर थोर होते’ हे उत्तर कामाचं नाही. बर्फ कामाचा आहे.

तिसरी पायरी भौतिकशास्त्राची. इथे १९००पासून एक प्रयोग आडवा पडलेला होता. क्नूट ऑंगस्ट्रॉम यांच्या प्रयोगशाळेत नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून अवरक्त किरण सोडले, मग वायूचं प्रमाण कमी केलं, आणि शोषणात जवळजवळ फरक पडला नाही. निष्कर्ष: वायू जेवढं शोषायचं तेवढं आधीच शोषतोय, आणखी घालून काय होणार? ऐकायला बिनतोड. बऱ्याच जणांनी त्यानंतर हा विषयच बंद केला.

खोट अशी की वातावरण म्हणजे एक नळी नव्हे. ते थरांचं आहे. खालचा थर उष्णता शोषतो आणि वर-खाली दोन्हीकडे पुन्हा सोडतो. वरचा थर तेच करतो. शेवटी उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या, विरळ आणि थंड थरांतून. वायू वाढला की ही निसटण्याची जागा आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते, आणि हिशेब जुळेपर्यंत खालची बाजू तापत राहते. शिवाय शोषणपट्ट्याच्या मधोमध जरी गर्दी झालेली असली तरी कडांना जागा उरतेच. कॅलेंडर यांनी नवी शोषण-मोजमापं वापरून आकाशाकडून जमिनीकडे परत येणाऱ्या किरणांचा हिशेब थराथराने केला. प्रमाण दुप्पट झालं तर सुमारे २ अंश, असं त्यांचं उत्तर. आजचा सर्वोत्तम अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे. त्यांनी फक्त जमिनीलगतचा ताळेबंद मांडला होता आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरते हा भाग त्यात नव्हता, हे लक्षात घेतलं तर २ हे उत्तर इतकं जवळ येणं यात थोडं नशीबही आहे.

सभागृहातले आक्षेप

निबंधाच्या शेवटी त्या दिवशीची चर्चा छापलेली आहे. माझा सल्ला, ती आधी वाचा. तुमच्या डिपार्टमेंटच्या प्रेझेंटेशनला जे होतं तेच तिथेही झालं.

सर जॉर्ज सिम्पसन, ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख. तरुणपणी सिमल्याला भारतीय हवामान खात्यात काम केलेले, स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेले. म्हणजे सभागृहातलं सगळ्यात वजनदार नाव. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानशास्त्राबाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की हवेचं तापमान नुसत्या किरणांच्या हिशेबाने ठरत नाही, हवा हलते, उष्णता इकडची तिकडे वाहून नेते. आणि दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या, हा योगायोगही असू शकतो.

शब्दांतला तो ‘बाहेरून येणाऱ्यांच्या’ बोचरा आहे, पण तो सोडा. आक्षेपात तथ्य आहे का ते बघा. आहे. हवेचं अभिसरण कॅलेंडर यांच्या गणितात नव्हतंच. त्यांनी दिलेलं उत्तर मात्र मला आजही आवडतं. सगळा प्रश्न किरणांनी सुटत नाही हे त्यांनी मान्य केलं. पण येणाऱ्या उष्णतेला धक्का न लावता फक्त बाहेर जाणारीला उशीर करणारी एखादी गोष्ट हवेत घातली, तर अवकाशापासून सगळ्यात लांबच्या भागात, म्हणजे जमिनीजवळ, थोडी तरी वाढ अटळ दिसते, असं त्यांनी म्हटलं. आपल्या दाव्याचा किती भाग आक्षेपातून वाचतो, तेवढाच धरून ठेवला.

पण त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न सिम्पसन यांचा नव्हता. तो जे. एच. कोस्ट यांनी विचारला. आधी कौतुक केलं, आणि मग: मुळात हवेतला कार्बन डायऑक्साइड खरंच वाढतोय का? पूर्वी ४०० पीपीएम सांगत असत, पद्धती सुधारल्या तसा आकडा ३००पर्यंत उतरला. मग जो फरक दाखवताय तो हवेचा आहे की मोजणाऱ्याचा?

वजनदार नाव तिसऱ्या पायरीवर भांडत होतं, जी बऱ्यापैकी उभी होती. कोस्ट यांनी दुसरीला हात घातला, जी खरोखर डगमगत होती. आणि या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर १९३८मध्ये कुणाकडेच नव्हतं. ते मिळायला चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये हवाईच्या मौना लोआवर अवरक्त किरणांवर चालणारं यंत्र बसवावं लागलं. सुरुवातीच्या नोंदी ३१५ पीपीएमच्या आसपास. आता वार्षिक सरासरी ४२०च्या वर गेलीय.

जे निबंधात नाही

समजा कोस्ट यांचं समाधान झालं असतं. तरी एक प्रश्न सभागृहात कुणी नीट विचारलाच नाही. वाढलेला वायू इंधनाचाच कशावरून? कॅलेंडर यांचा आधार केवळ ताळेबंद: एवढा जाळला, एवढा वाढला, आकडे जुळतात. चोराच्या घरी तेवढीच रक्कम सापडली म्हणून ती तुमचीच, असं कोर्ट मानत नाही. नोटांचे नंबर लागतात.

नंबर मिळाले ते ‘तारखे’मुळे. हवेत वैश्विक किरणांमुळे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन सतत थोडा थोडा बनतो आणि जिवंत झाडात जातो. झाड मेलं की त्याची भरती थांबते. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात त्याचा मागमूस उरत नाही. तेव्हा कोळशाचा धूर हवेत मिसळला तर हवेतला कार्बन-१४ पातळ व्हायला हवा. १९५५मध्ये हान्स स्यूस यांनी झाडांच्या लाकडात हा पातळपणा मोजून दाखवला. वेळही कशी साधली बघा: त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी १९६३पर्यंत उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट करून टाकला आणि हा साधा पुरावा काही दशकं झाकला गेला.

गंमत म्हणजे पातळपणा अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे बहुतेक धूर समुद्रात गेला? इथे अनेक जण घसरतात. तुमच्या पाकिटात शंभराच्या दहा नोटा आहेत, त्यात मी खूण केलेल्या दोन टाकल्या. दिवसभर बाजारात तुम्ही नोटा बदलत राहिलात, तर संध्याकाळी खुणेच्या नोटा पाकिटात नसतील. रक्कम मात्र बाराशेच. हवा आणि समुद्र यांच्यात रेणूंची अशी अदलाबदल सतत चालते. खूण पुसली जाते, वाढ पुसली जात नाही. १९५७मध्ये रॉजर रेव्हेल आणि स्यूस यांनी समुद्राच्या पाण्याचं रसायनशास्त्र लावून दाखवायला सुरुवात केली की समुद्राची जास्तीचा वायू घेण्याची ताकद वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे.

कार्बन-१४ एकटा पुरेसा नाही. ज्वालामुखीच्या वायूतही तो नसतो. म्हणून दुसरी खूण: झाडं प्रकाशसंश्लेषणात जड कार्बन-१३ थोडा टाळतात, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या इंधनात तो कमी. ज्वालामुखीच्या वायूत इतका कमी नसतो. हवेतला कार्बन-१३चा वाटा सतत घटतोय, म्हणजे कार्बन वनस्पतींच्या वाटेने आलेला. मग जंगलं जळाल्याचा असेल? त्याला कार्बन-१४ उत्तर देतो: आजच्या झाडांत तो असतो. आणि तिसरी खूण प्राणवायूची. काहीही जाळलं तर प्राणवायू खर्च होतो; ज्वालामुखी किंवा समुद्र नुसताच वायू सोडत असते तर तो घटला नसता. ही घट दहा लाखांत काही भाग इतकी बारीक आहे, आणि ती पकडण्याचं यंत्र राल्फ कीलिंग यांनी स्वतःच्या पीएचडीसाठी बनवलं; प्रबंध १९८८चा. हो, त्याच मौना लोआवाल्या कीलिंग यांचे चिरंजीव. राहिला समुद्र. तो वायू सोडत असता तर त्याच्यातला कार्बन कमी झाला असता. प्रत्यक्षात तो वाढतोय आणि पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरलाय.

एकेका खुणेला पळवाट आहे. सगळ्या एकत्र ठेवल्या की एकच उमेदवार उरतो. ‘सर्वश्रुत आहे’ या दोन शब्दांखाली एवढं सगळं दबलेलं आहे.

कोळशाची दुसरी बाजू, आणि शेवटचा परिच्छेद

निबंधाच्या सारांशात एक तफावत उघडी पडलेली आहे, ती दिसली का? हिशेबाने ०.००३, प्रत्यक्षात ०.००५. उरलेले ०.००२ कुठून आले? आज या वाढीत सूर्य, त्या काळात ज्वालामुखी शांत असणं आणि हवामानाचे स्वतःचे हेलकावे यांचाही वाटा धरतात. पण पुढे जे झालं ते कॅलेंडर यांच्यासाठी जास्त अवघड होतं. १९४०च्या दशकानंतर इंधनाचा वापर वेगाने वाढला आणि तापमान जवळजवळ थबकलं. १९६४मध्ये ते वारले तेव्हा परिस्थिती अशीच होती.

कारणांतलं एक मोठं कारण त्याच कोळशात होतं. कोळशात गंधक असतं; जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो, त्याचे हवेत सल्फेटचे सूक्ष्मकण बनतात आणि ते सूर्यप्रकाश परतवतात. म्हणजे एकच इंधन एकाच वेळी पांघरूण घालतं आणि छत्रीही धरतं. छत्रीचे कण पाऊस काही दिवसांत धुऊन टाकतो, तीच आम्लवर्षा. पांघरूण शतकानुशतकं राहतं. पाठ्यपुस्तकाच्या यादीत ‘आम्लवर्षा’ आणि ‘तापमानवाढ’ दोन वेगळ्या क्रमांकांवर बसतात, एकमेकींशी ओळख नसल्यासारख्या. आपल्याकडे तर हे कण पावसाळ्याशीही खेळतात, कारण जमीन कमी तापली की मान्सूनला ओढणारा जमीन-समुद्रातला फरक कमी होतो. या विषयावर काम करायचं असेल तर यादी बाजूला ठेवून सुरुवात करा.

आणि शेवटचा परिच्छेद. तिथे कॅलेंडर म्हणतात की ही तापमानवाढ मानवजातीला फायद्याचीच ठरेल: उत्तरेकडे शेतीची सीमा सरकेल, पिकं जोमाने वाढतील, आणि हिमयुग लांबणीवर पडेल. लोक यावर हसतात किंवा ‘त्या काळी कुणाला कळणार’ म्हणून सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही. आधीच्या पानांत पिकांचा एकही आकडा नाही. पावसाचा नाही, समुद्रपातळीचा नाही, उष्ण देशांचा तर उल्लेखही शेतीच्या फायद्यात येत नाही. बाकीच्या पानांवर प्रत्येक दाव्याला तक्ता जोडणारा माणूस इथे तक्त्याशिवाय बोलतो, आणि बोलतो ते थंड देशातल्या खिडकीतून बाहेर बघत. त्याच्या भविष्याच्या तक्त्यातही इंधन जाळण्याचा वेग पुढची शतकं तेवढाच राहील असं धरलेलं आहे. म्हणून त्यात एकविसाव्या आणि बाविसाव्या शतकातही वाढ पूर्ण एक अंश भरत नाही. तो अंश आपण भरून पुढे आलोय.

पुढच्या लेखात रेव्हेल-स्यूस यांचा १९५७चा निबंध घेऊ. तोवर एक गृहपाठ. आज इंधनातून वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेत ४५ टक्के राहतो असं धरा, ७.८ ने भागा, आणि मौना लोआची गेल्या दहा वर्षांची सरासरी वार्षिक वाढ शोधून उत्तराशी ताडून बघा. तुमचं उत्तर २.१ येईल आणि मौना लोआ २.४च्या आसपास सांगेल. फरक कुठे गेला हे सापडत नसेल तर कॅलेंडर यांच्या जमेच्या बाजूला काय लिहायचं राहिलं होतं ते वर जाऊन पुन्हा वाचा. साधारण चार अब्ज टन तिथे आहेत.